पुण्यातल्या शांत कॉलनीत जुना फ्लॅट घ्यायचा असेल तर

पुण्यात नोकरीसाठी येऊन पाच-सात वर्षं वाकड, हिंजवडी किंवा खराडीच्या टॉवरमध्ये भाड्याने काढली की बऱ्याच जणांच्या मनात एकच गोष्ट घोळायला लागते. आता घर घ्यायचं तर जुन्या कॉलनीत. तीन मजली इमारत, दारात बकुळ नाहीतर सोनमोहोर, रात्री नऊनंतर रस्ता सामसूम. मग प्रभात रस्ता, एरंडवणे, मॉडेल कॉलनी अशी नावं शोधायला सुरुवात होते, भाव ऐकून ती गळतात आणि गाडी पर्वतीच्या मागे सहकारनगर, मुकुंदनगर, मित्रमंडळ कॉलनी या पट्ट्यात येऊन थांबते. इथे पहिल्यांदा घर बघायला येणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणं सहकारनगरच्या आसपासची आहेत, पण बाकीच्या जुन्या कॉलन्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. फ्लॅट तुम्ही विकत घेता, पण शांतता शेजारच्या प्लॉटवाल्यांच्या हातात असते. इथले नवखे ग्राहक हॉलच्या फरशा आणि किचनचा ओटा बघण्यात अर्धा तास घालवतात आणि समोरच्या बंगल्याला कुलूप का आहे हे विचारतही नाहीत. क्रम उलटा हवा. आधी गल्ली, मग इमारत, सगळ्यात शेवटी फ्लॅट.

आधी त्याच भागात भाड्याने राहा

जमत असेल तर अकरा महिन्यांचा करार करून त्याच भागात राहून बघा. त्यात पावसाळा येतो, गणपती येतात, शाळा सुरू होतात, लग्नसराईही येते. वर्षभरात गल्लीचे सगळे आवाज ऐकून होतात. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे. ती ऑनलाइन होते, एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हे घरमालकाचं काम, पण ते झालंय ना हे तुम्हीही बघा.

भाड्याने राहण्याचा आणखी एक फायदा आहे. या भागातले बरेच फ्लॅट जाहिरातीत येतच नाहीत. मालक सत्तरी-ऐंशीचे, मुलं अमेरिकेत किंवा बंगळुरात. घर विकायचं ठरलं की बातमी आधी वाण्याकडे, इस्त्रीवाल्याकडे आणि तळजाई टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या घोळक्यात पोचते. तिथे तुमचा चेहरा ओळखीचा असेल तर तुमच्यापर्यंतही येते.

गल्ली कशी वाचायची

रविवारी सकाळी अकराला घर बघू नका. पुण्यातली कुठलीही गल्ली त्या वेळी शांतच असते. कामाच्या दिवशी सकाळी सातला जा, दुपारी शाळा सुटताना जा, संध्याकाळी साडेसातला जा आणि एकदा रात्री अकरा वाजता जा. सकाळी शाळेच्या व्हॅनचे हॉर्न कळतात. संध्याकाळी कळतं की तळमजल्यावर क्लास आहे आणि त्याच्या चाळीस दुचाक्या तुमच्या फाटकासमोर लागतात. सातारा रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला लोक कोणत्या गल्लीतून घुसतात तेही तेव्हाच दिसतं.

गणपतीचा मांडव कोणत्या चौकात पडतो ते विचारा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, पण वर्षातले काही दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं आणि त्यातले बरेचसे गणपतीतच खर्च होतात. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो, तिथे मर्यादा ५० आणि ४० आहे. ही आकडेवारी तक्रार करायला उपयोगी पडते, घर निवडायला नाही. घर निवडायला मांडव, मंगल कार्यालय आणि लॉन्स किती लांब आहेत तेवढं बघा. म्हात्रे पूल ते राजाराम पूल या डीपी रस्त्याच्या आसपास घर बघत असाल तर लग्नाच्या मुहूर्ताच्या दिवशी रात्री एक फेरी मारा. पुढचं सांगायची गरज पडणार नाही.

आता प्लॉट. ज्या इमारतीत घर घ्यायचंय तिच्या चारही बाजूंना काय आहे ते कागदावर लिहून काढा. तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली, चाळीस वर्षांची इमारत असेल तर ती आज ना उद्या पाडली जाणार असं धरून चाला. बंद बंगला असेल तर तेच. पुनर्विकास सुरू झाला की निळे-हिरवे पत्रे लागतात, मग तोडफोड, मग पायासाठी खडक फोडणारा ब्रेकर, मग दोन-तीन वर्षं बांधकाम. दिवसा गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असल्याने काँक्रीटचे मिक्सर रात्री येतात. खिडकीखाली दहा टनांचा ड्रम फिरत असताना झोप येईल का, हा विचार आत्ता करा. शेजारी नुकतीच नवी इमारत उभी राहून लोक राहायला आले असतील तर उलट चांगलं. त्या बाजूची कटकट निदान तीस वर्षांसाठी संपली.

रस्त्याची रुंदी मोजा. किती एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) मिळणार, टीडीआर (दुसरीकडच्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला, विकत घेता येणारा जादा बांधकामाचा हक्क) वापरता येणार की नाही, इमारत किती उंच जाणार हे बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्यावर ठरतं. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर मिळत नाही. म्हणूनच २०२० मध्ये महापालिकेने शहरातले सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आणला होता आणि त्यावर बरंच रणकंदन झालं. अरुंद गल्लीतलं घर म्हणजे कमी वाहनं आणि कमी उंचीचे शेजारी, पण तुमच्या इमारतीच्या पुनर्विकासालाही बिल्डर सहजासहजी मिळणार नाही. दोन्ही एकदम हातात येत नाही. मला विचाराल तर राहण्यासाठी घर घेणाऱ्याने अरुंद गल्ली घ्यावी. गुंतवणूक म्हणून बघणाऱ्याने या पट्ट्यात यायचीच गरज नाही.

विकास आराखड्यात प्लॉटवर रस्तारुंदी किंवा आरक्षण आहे का हे महापालिकेच्या झोन दाखल्यावर कळतं. तळजाईच्या किंवा वेताळ टेकडीच्या उताराला लागून घर असेल तर हा दाखला काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. टेकड्यांच्या काही भागांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे आणि त्याच्या कडेला अर्धवट परवानगीची बांधकामं सापडतात.

पाणी, दोन्ही अर्थांनी

सहकारनगरच्या खालच्या अंगाने आंबिल ओढा वाहतो. कात्रजच्या तलावाकडून येतो, पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. एरवी तो नाला वाटतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर आला, अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली, सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या एकमेकींवर चढल्या. त्यामुळे ओढ्याजवळच्या इमारतीत तळमजला किंवा पहिला मजला घेत असाल तर वॉचमनला एकच प्रश्न विचारा: “त्या रात्री पाणी कुठपर्यंत आलं होतं?” तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. मीटरबोर्ड त्या खुणेच्या वर आहे का ते बघा. पुरानंतर वर चढवला नसेल तर त्या सोसायटीचा एकूण कारभार कसा असेल याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

नदीकाठी घर बघत असाल तर निळी आणि लाल पूररेषा बघून घ्या. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत २५ जुलै २०२४ ला काय झालं ते पुणेकरांना सांगायला नको. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि पहाटे घरात शिरलं.

दुसरा अर्थ नळाच्या पाण्याचा. जुन्या कॉलन्यांना महापालिकेचं पाणी बऱ्यापैकी मिळतं आणि पुण्याच्या नव्या उपनगरांतून येणाऱ्याला ही चैनच वाटते. तरी पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, खालच्या टाकीची क्षमता किती आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का हे विचारा. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं तर महापालिका बहुधा गुरुवार निवडते. म्हणजे अशा पाणीबंदीच्या गुरुवारी संध्याकाळी फ्लॅट बघायला गेलात आणि नळाला पाणी असेल तर टाकी पुरेशी मोठी आहे.

इमारतीत शिरल्यावर पहिल्यांदा नोटीस बोर्ड

जिन्याखालच्या काचेच्या पेटीत सोसायटीचा स्वभाव लावलेला असतो. थकबाकीदारांची यादी आहे का, त्यात तुम्ही बघायला आलेल्या फ्लॅटचा नंबर आहे का, शेवटच्या सर्वसाधारण सभेची सूचना कधीची आहे, टाकी धुतल्याची तारीख आहे का. तीन वर्षांपूर्वीची पिवळी पडलेली दिवाळी शुभेच्छांची चिठ्ठी आणि बाकी काहीच नाही, असं असेल तर समजा की कमिटी कागदावरच आहे. ‘विशेष सर्वसाधारण सभा, विषय: पुनर्विकास’ असा कागद दिसला तर थांबा आणि सेक्रेटरींना गाठा.

“काका, पुनर्विकासाचं काही चाललंय का?”

“चाललंय, चाललंय. दहा वर्षं चाललंय.”

हे उत्तर ऐकून हसू येतं, पण पुढे खोदून विचारा. ठराव झालाय का, सल्लागार नेमलाय का, बिल्डरशी विकसन करार झालाय का. पुनर्विकासाची पद्धत सहकार कायद्याच्या ७९ (अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात ठरवून दिली आहे. सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची मंजुरी हवी. विकसन करार झालेला असेल तर तुम्ही राहायला घर घेत नसून, पाडली जाणारी जागा आणि दोन-तीन वर्षांनंतर मिळणारा नवा फ्लॅट घेत आहात. व्यवहार वाईट असेलच असं नाही, पण किंमत, कर्ज आणि त्या काळात राहायची सोय हे सगळं वेगळं होतं. विकणारा “आज ना उद्या रीडेव्हलपमेंट होणारच” म्हणून जास्त पैसे मागत असेल तर ठराव दाखवायला सांगा. ठराव नसेल तर ते फक्त बोलणं आहे, त्याचे पैसे देऊ नका.

स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनी असेल तर तीन वर्षांतून एकदा ऑडिट व्हायला हवं. बऱ्याच सोसायट्या करत नाहीत. बँक मात्र जुन्या इमारतीला कर्ज देताना हाच कागद मागते. तो नसला तर कर्जाची मुदत कमी होते किंवा नकार येतो.

पार्किंगबद्दल भाबडे राहू नका. “खालचं पार्किंग आमचंच” असं विकणारा म्हणतो, भिंतीवर त्याचं नावही रंगवलेलं असतं. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखाली खांबांमधलं पार्किंग, बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे करारात काय लिहिलंय आणि सोसायटीने वाटप कोणत्या ठरावाने केलंय तेच खरं. तुमच्याकडे दोन गाड्या असतील तर या भागात दुसरी गाडी रस्त्यावरच लागणार हे गृहीत धरा.

कागद

वकील स्वतःचा नेमा, एजंटने सुचवलेला नको. त्याच्याकडून ३० वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे मालकी कोणाकडून कोणाकडे गेली याचा तपास, घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला सांगा. त्याआधी तुम्ही स्वतः एक गोष्ट करू शकता. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्याच इमारतीतले जुने व्यवहार शोधा. सूची क्रमांक २, ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात, त्यात किंमत लिहिलेली असते. “या गल्लीत हाच भाव चाललाय” या एजंटच्या वाक्याची किंमत दहा मिनिटांत कळते.

इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट हे विचारा. पुण्यात दोन्ही भरपूर आहेत. सोसायटी असेल तर मूळ शेअर सर्टिफिकेट बघायचं, अपार्टमेंट असेल तर डिक्लेरेशन आणि डीड ऑफ अपार्टमेंट. अपार्टमेंट १९७० च्या वेगळ्या कायद्याखाली येतं आणि तिथे जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. सोसायटीच्या बाबतीत जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, म्हणजे कन्व्हेयन्स किंवा मानीव अभिहस्तांतरण झालंय का, हा प्रश्न चुकवू नका. बऱ्याच सोसायट्यांची जमीन अजून मूळ मालकाच्या नाहीतर बिल्डरच्या नावावर आहे.

या पट्ट्याची एक खासियत आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर पूरग्रस्तांना शहराच्या या कडेला वसवलं गेलं, त्यांच्या सहकारी सोसायट्यांना सरकारने जमिनी दिल्या. काही प्लॉट मूळ सोसायटीकडून भाडेपट्ट्याने आहेत. मालमत्ता पत्रकावर ‘सत्ताप्रकार’ नावाचा रकाना असतो, जमीन कोणत्या हक्काने धरलीय ते त्यात असतं, तो वकिलाकडून वाचून घ्या. सरकारी अटींची जमीन निघाली तर हस्तांतराला वेगळी परवानगी आणि कधी वेगळे पैसेही लागतात. ते कोणी भरायचे हे टोकन देण्याआधी ठरवा.

वारस आणि परदेशातली मुलं हा इथला नेहमीचा पेच. आजोबांच्या नावावर फ्लॅट, आजोबा गेलेले, तीन मुलांपैकी एक पुण्यात. सगळ्यांची संमती आहे हे तोंडी पुरत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं किंवा सगळ्यांनी सही करायला हवी. सोसायटीच्या वहीत नॉमिनी म्हणून एकाचं नाव असलं तरी तो मालक ठरत नाही. मुखत्यारपत्रावर व्यवहार असेल तर ज्याने ते दिलं त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर तुमच्या वकिलासमोर बोला. विकणारा अनिवासी असेल तर टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशांतून आधीच कापून भरायचा आयकर) नेहमीसारखा १ टक्का नसतो, बराच जास्त असतो आणि कापायची जबाबदारी तुमची. हे काम सीएला द्या.

पैसे

एक कोटीचा फ्लॅट धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ७५ लाखांवरच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त देऊ शकत नाही, म्हणून २५ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क पुण्यात अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ७ लाख. फक्त बायकांच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर नाही. नोंदणी फी ३० हजार. एजंट १ ते २ टक्के मागतो, घासाघीस होते. सोसायटीचं हस्तांतर अधिमूल्य महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५ हजार, वर ५०० रुपये हस्तांतर फी आणि १०० रुपये प्रवेश फी. ‘बिल्डिंग फंड’, ‘स्वेच्छा देणगी’ अशा नावांनी लाख-दोन लाख मागितले तर लेखी मागणी द्या म्हणावं. बहुतेक वेळा लेखी येत नाही. एकूण ३५ लाख हातात हवेत, आणि त्यात वायरिंग, नळाच्या पाइपलाइन बदलणं धरलेलं नाही. चाळीस वर्षांच्या फ्लॅटमध्ये ते टळत नाही.

मुद्रांक शुल्क करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकाच्या किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर लागतं. आणि क्षेत्रफळ टेपने स्वतः मोजा. जुन्या करारात बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, लिहिलेलं असतं, कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं, ऐकून चेहरा पडतो.

व्यवहाराचा दिवस आणि नंतर

टोकन देताना साध्या कागदावर का होईना, किंमत, मुदत आणि कागद सदोष निघाले तर टोकन परत, हे तिन्ही लिहून घ्या. सोसायटीची ना-हरकत आदर्श उपविधींनुसार हस्तांतराला सक्तीची नाही, पण बँक मागते, म्हणून अर्ज आधीच टाकून ठेवा. कमिटी महिन्यातून एकदा बसते. नोंदणी हवेलीच्या कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयात करता येते, तेव्हा गर्दी कमी असलेलं निवडा. ५० लाख किंवा जास्त किमतीच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस विकणाऱ्याच्या पैशांतून कापून तुम्ही भरायचा असतो. ताबा घेताना वीज, गॅस, मिळकतकर आणि मेंटेनन्स शून्य झाल्याच्या पावत्या घ्या. मिळकतकराची थकबाकी मिळकतीला चिकटते, माणसाला नाही.

राहायला गेल्यावर महावितरणचं मीटर, गॅस आणि मिळकतकर तिन्हीकडे नाव बदला. स्वतः राहत असाल तर महापालिकेत पीटी-३ अर्ज भरून करात ४० टक्के सवलत मिळते. आधीच्या मालकाने फ्लॅट भाड्याने दिला होता म्हणून ती गेलेली असते आणि नवीन मालक वर्षानुवर्षं जास्त कर भरत राहतो. शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव चढवून सही-शिक्का घ्यायचा पाठपुरावा दर महिन्याला करा, नाहीतर ते सेक्रेटरींच्या कपाटात राहतं.

फर्निचरचं काम काढण्याआधी खालच्या मजल्यावर जाऊन सांगून या. दुपारी एक ते चार ड्रिल लावू नका, सुतारालाही बजावून ठेवा. कामाच्या दिवसांत रोज संध्याकाळी जिना झाडून घ्या, पोती रस्त्यावर टाकू नका आणि राडारोडा उचलायला टेम्पो आधीच ठरवून ठेवा.